राणीछाप पैशांची पाठ

आईला भिंतीवरच्या फ्रेममधला एकच पैसा हवा होता. फ्रेममध्ये त्रेचाळीस होते.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं होतं. फुप्फुसात पाणी झालं होतं, वय झालं होतं, आता सुया टोचून तिला आणखी त्रास देण्यात अर्थ नाही, असं ते म्हणाले. घुग्घुसच्या आमच्या घरात वारा येईल अशी खोली एकच, समोरची. तिथे तिची खाट टाकली. खाटेसमोरच्या भिंतीवर माझी फ्रेम होती. सागवानी चौकट, आत काळी मखमल, वर काच, आणि काचेमागे जुने इंग्रजी तांब्याचे पैसे ओळीनं लावलेले. खोटं कशाला बोलू, घरी कोणी आलं की मी आधी त्याला फ्रेमपाशी नेत असे.

घरी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी आईनं त्या भिंतीकडे हात केला.

"बाबू, तो काढ."

"काय काढू, आई?"

"पोरीचा पैसा. मले सोबत न्यायचा हाये."

मी बायकोकडे पाहिलं. आम्हाला मुलगी नाही. तापात बोलते आहे असं मला वाटलं.

"कोणती पोर, आई?"

"तुह्याआधीची."

माझ्याआधी एक बहीण होऊन गेली हे मला माहीत होतं, पण एका वाक्यापुरतं. वडिलांनी एकदा बोलता बोलता सांगितलं होतं. दीड वर्षाची असताना तापानं गेली, धानाच्या बांधाशेजारी पुरली. तिचा फोटो नाही, झबलं नाही. आई तिच्याविषयी माझ्यासमोर कधी एक शब्द बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली, ते श्वास पुरेल तसं, मध्ये थांबत थांबत.

"नाळ कायावर कापते? भुईवर कापते का? पैशावर कापते. दाई खाली तांब्याचा पैसा ठेवे, वर नाळ, आन विळा. राणीचं तोंड खाली. राणीच्या तोंडावर कोन विळा चालवन? मंग पाठीवर रेघ पडे."

तो पैसा रीतीप्रमाणे दाईचा. पण आईनं दोन्ही वेळा दाईला सूपभर धान दिलं आणि पैसा परत मागून घेतला. दोन्ही बाळंतपणं माहेरी, दाई तीच आणि विळाही तोच.

"एक तिचा, एक तुहा. तुह्या पैशाचं मले काम नाई, तू तं हायेस. तिचा दे. तिले म्या काईच देल्लं नाई रे. वाळा नाई, काई नाई. तिचा पैसा तिले नेऊन देतो."

मी फ्रेमकडे पाहिलं. त्रेचाळीस पैसे, त्रेचाळीस तोंडं, सगळी आमच्याकडे. आणि सगळ्या पाठी गोंदानं मखमलीला चिकटलेल्या. त्या मीच चिकटवल्या होत्या.

हे पैसे माझ्याकडे आले कसे, ते सांगितलं पाहिजे. वडील गेल्यावर आईला चामोर्शीकडच्या गावातून मी घुग्घुसला आणलं. तिच्या पेटीत लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली एक गाठ होती. तिनं ती माझ्या हातात दिली आणि "सांभाळ," एवढंच म्हणाली. आत अकरा पैसे निघाले. काही राणीछाप, काही राजाछाप, आणि दोघांना मधोमध भोक. काय सांभाळायचं हे तिनं सांगितलं नाही, कारण तिच्या लेखी ते सांगायची गोष्टच नव्हती. घरात गाठ असते आणि गाठीत काय असतं ते घरच्यांना माहीत असतं.

मी खाणीच्या वजनकाट्यावर काम करतो. भरलेला ट्रक, रिकामा ट्रक, मधला फरक म्हणजे कोळसा. असा माणूस सांभाळायला लागला की मोजायला लागतो. सोनाराकडे असतो तसा लहान काटा मी विकत घेतला. राणीछाप पैसा साडेसहा ग्रॅमच्या आसपास भरतो, पुढचे राजाछाप त्याहून हलके, पाचाच्याही आत. घासून झिजलेला किती हलका होतो हेसुद्धा मी पाहिलं. मग मला आणखी पैसे हवेसे वाटू लागले.

चंद्रपुरात भांडेबाजारात एक चाचा मोड घेतात. फुटकी घागर, चेपलेला पाण्याचा गुंड, बिनकानाचा तांब्या, सगळं किलोवर. गावोगावच्या मोडीत पैसेही येतात. ते चाचा माझ्यासाठी एका डब्यात टाकून ठेवत.

"काऊन भाऊ, आज राणी पाह्यजे का राजा?"

"जे असन ते दाखवा."

"पह्यले तुमी कोयसा मोजत होते, आता पैसे मोजून राह्यले. भाभीनं घरात घेनं बंद केलं का?"

बायकोनं घरात घेणं बंद केलं नव्हतं, पण पैशांचं कुठे काय ठेवायचं यावरून आमचे वाद होत. आधी मी ते खिशाखिशांच्या प्लास्टिकच्या अल्बममध्ये ठेवले. पावसाळ्यात खिसे आतून चिकट झाले आणि पैशांना हिरवा कळक चढला. चिंचेचं वरण पितळी भांड्यात राहिलं की चढतो तसा. मग कापसात ठेवले, तर कापसानं ओल धरली. मोबाइलवर व्हिडिओ पाहून एवढं कळलं की मऊ प्लास्टिक वाईट, ओल वाईट, आणि पैसा कधीही घासायचा नाही, त्याचा काळेपणा हीच त्याची कातडी. हे मी घरात सांगितलं. पण दिवाळीच्या आधी घरातलं तांबं-पितळ घासायचं असतं आणि लक्ष्मीपूजनाला राणीछाप पैसे पाटावर मांडायचे असतात, हे बायकोला माझ्या व्हिडिओपेक्षा फार आधीपासून माहीत होतं. आई तेव्हा भाऊबीजेसाठी तिच्या भावाकडे चामोर्शीला गेली होती. मी ड्युटीवरून आलो तेव्हा अंगणात परातीत सगळे पैसे चिंच-मिठानं घासून कोरे करकरीत वाळत होते.

"पाहा कसे चमकून राह्यले," ती म्हणाली. "एकाले तं इतका मळ होता, लाल, तेलकट. त्यालेच म्या दोनदा घासलं."

मी रागावलो, पण झालं ते झालं. हे तांबं पुन्हा कळकू नये, आमच्या गावची कोळशाची धूळ त्यावर बसू नये, म्हणून सुताराकडून काचेची फ्रेम करून घेतली. मखमलीवर पैसे नुसते ठेवले तर फ्रेम उभी केली की घसरत होते. म्हणून बोटाला लागला तर बोटं चिकटवणारा जो गोंद स्टेशनरीच्या दुकानात मिळतो, त्याचा प्रत्येक पैशाला एक थेंब लावला. तोंड वर, पाठ खाली. पाठीवर ओरखडे होते, काही पैशांच्या पाठीला तर कापल्यासारखे खोल. चांगली बाजू दिसावी, दोष झाकला जावा, असा माझा हिशेब. प्रत्येकाखाली छापील चिठ्ठी लावली: साल आणि वजन. कुठून आला ते लिहिलं नाही. सालाप्रमाणे लावताना गाठीतले अकरा आणि चाचांच्या डब्यातले बाकीचे एकमेकांत मिसळून गेले.

आई परत आली, फ्रेमपुढे बराच वेळ उभी राहिली. मग विचारलं, "यात आपले कोनते?"

"आता सगळे आपलेच हायेत, आई," मी म्हणालो.

तिनं पदरानं काच पुसली. मला वाटलं तिला आवडली.

आता खाटेवरून ती म्हणत होती, "तिच्या पैशाच्या पाठीवर कुंकू हाये. गाठ तुले देल्ली तोवर दर वर्षी तेल लावत होतो अन् कुंकू लावत होतो. लाल हाये तो, पाह्यताच दिसन."

बायको पाण्याचा पेला हातात घेऊन उभी होती. तिनं पेला खाली ठेवला आणि ती मोरीकडे गेली. तिथे ती काय करत होती ते मी पाहिलं नाही, पण नळ सुरू नव्हता.

फ्रेम उतरवली. काच काढली. नखानं, सुरीच्या टोकानं पैसा उचलून पाहिला, तर मखमल फाटली आणि पैसा पुठ्ठ्यासकट आला. मागे गोंदाचा पांढरा खडा, त्याखाली काही दिसेना. कोपऱ्यावरच्या पोरांच्या मोबाइल दुकानात विचारलं तेव्हा कळलं की नेलपॉलिश काढायच्या पाण्यानं हा गोंद सुटतो. स्टेशनरीच्या दुकानातल्या सगळ्या बाटल्या घेऊन आलो. स्टीलच्या डब्यात पैसे बुडवले. घरभर तो वास झाला, आईला खोकला लागला, म्हणून आम्ही डबा मागच्या ओट्यावर नेला. बायको दातांच्या ब्रशनं एकेक पाठ घासत होती. जे कधी घासायचं नाही असं मी तिला दोन वर्षं सांगत आलो, तेच आता दोघं मिळून करत होतो.

"पुसू का?" ती विचारायची.

"थांब, मी पाहतो."

भिंग लावून मी प्रत्येक पाठ उजेडाकडे धरत होतो. ओरखडे बहुतेकांना होते, पण ते खिशातले, मातीतले, वेडेवाकडे. मला हवी होती ती सरळ रेघ, एका जागी दोन-तीनदा चाललेली, कडेपर्यंत गेलेली. पहिली सापडली तेव्हा मी ओरडलो. बायको उठून आईला सांगायला निघाली. "थांब, अजून एक आहे," मी म्हणालो. माझा.

दुसरा सापडला. सगळ्या पाठी पाहून झाल्याशिवाय मी उठणार नव्हतो, ती माझी सवय. तिसरा सापडला. मग चौथा. ओट्यावर पाच पैसे झाले. पाचही सारखे कापलेले.

आईला मुलं दोनच झाली. मग तीन पैसे कोणाचे? हे कळायला मला थोडा वेळ लागला. आमच्या गावाकडे नाळ पैशावर कापायची रीत काही एकट्या माझ्या आईची नव्हती. दुसऱ्या गावांत दुसऱ्या दाया होत्या, दुसरे विळे होते, दुसऱ्या कोण्या बाईनं दाईला धान देऊन पैसा मागून घेतला होता. मग ती बाई गेली, आणि तिची गाठ फुटक्या घागरीसोबत मोडीत गेली. मी ती चाचांच्या डब्यातून किलोवर आणली, आणि रेघ म्हणजे दोष म्हणून खाली चिकटवली.

पाचही वजन करून पाहिले. वजनानं काय कळणार? तरी केले. मला दुसरं काही येत नाही. मग पाकिटात घालून मोटारसायकलवर चंद्रपूर गाठलं. कोणते तीन त्यांच्या डब्यातून आले हे चाचांना ओळखता आलं असतं, तर उरले दोन. दोनातून निवडणं पाचातून निवडण्यापेक्षा बरं.

चाचांनी पैसे तळहातावर उलटेसुलटे केले. मी काय शोधतो आहे ते ऐकल्यावर त्यांचा चेष्टेचा सूर गेला.

"भाऊ, मोडीत आलेल्या पैशाले माय-बाप राह्यते का? म्या पाहून देल्ले नाई, मूठ भरून देल्ले."

"एकही ओळखू येत नाही?"

"खुदा कसम, नाई येत." त्यांनी पैसे पाकिटात घालून ते माझ्या वरच्या खिशात ठेवलं, बटण लावलं. "जा. माय जागी असंन. इथी नोको थांबू."

घरी आलो तेव्हा आई जागी होती. मी तिच्या तळहातावर पाचही पैसे ठेवले. तिला आता नीट दिसत नव्हतं. अंगठा फिरवून तिनं मोजले.

"पाच काऊन? मले तं दोनच झाले."

"बाकीचे दुसऱ्यांचे मिसळले, आई. यातला एक तिचा आहे."

तिचा अंगठा एकेका रेघेवरून फिरला. एका पैशावर थांबला. तिनं तो वर धरला, माझ्याकडे.

"हा व्हय का?"

बायको माझ्या मागे उभी होती. तिनं लगेच म्हटलं, "हाच व्हय, बाई. हाच."

"तुले नाई इचारलं वो. त्याले इचारलं. तो वजनात खोटं बोलत नाई."

बायकोनं माझ्या पाठीला बोट लावलं. एकच शब्द बोलायचा होता. सगळी नोकरी मी एक किलोसुद्धा इकडचा तिकडे लिहिला नाही. आई ते माझ्या मामांना सांगायची, शेजारणीला सांगायची. तो एक शब्द माझ्या तोंडातून आला नाही.

"मले माहीत नाई, आई."

"मंग कायले आनलं?"

आईनं छताकडे पाहिलं. छातीतून पाणी हलल्यासारखा आवाज येत होता. मग तिनं पाचही पैसे मुठीत घेतले.

"पाचही नेतो. तिथी गेल्यावर ज्याचा त्याले देतो."

बायको रडता रडता हसली. मलाही वाटलं, मिटलं. पण मिटलं नव्हतं. आईला झोप लागायची, जाग यायची, आणि जाग आली की ती मूठ तशीच घट्ट ठेवून मला विचारायची, "सापडला का रे?" दर वेळी पहिल्यांदा विचारल्यासारखं. मी सांगायचो, तुझ्या मुठीत आहे. ती मुठीकडे पाहायची, आणि तिच्या डोळ्यांत दिसायचं की तिचा त्यावर विश्वास बसलेला नाही. शेवटी मी 'हो, सापडला' म्हणायला लागलो. जो शब्द त्या वेळी निघाला नाही तो आता सहज निघत होता, आणि आता त्याचा उपयोग नव्हता. मी तो कसा म्हणत होतो ते तिला ऐकू येत होतं. ती डोळे मिटून घ्यायची आणि पुन्हा जागी झाली की पुन्हा विचारायची.

शेवटचंही तिनं तेच विचारलं.

तिला गावी नेलं. आंघोळ घालताना बायकांनी मूठ उघडायचा प्रयत्न केला. मामेभाऊ बाहेरून म्हणाला, "मूठ सोडवा, एक पैसा तोंडात ठेवू." माझी बायको आतून एवढंच बोलली, "मुठीले हात नोका लावू." तिचा आवाज असा होता की पुन्हा कोणी लावला नाही. धानाच्या बांधापासून थोड्या अंतरावर, नदीकडच्या बाजूला, आईला अग्नी दिला. बहिणीला बांधावर नेमकं कुठे पुरलं ते दाखवणारं आता गावात कोणी नाही.

राख सावडायला गेलो तेव्हा मी आधी हाताच्या जागेची राख बाजूला केली. लाकडाच्या आगीत तांबं वितळत नाही, हे मला माहीत होतं. एक सापडला, काळा पडलेला, कडेनं पापुद्रे सुटलेला. मग दोन एकाला एक चिकटलेले. मग आणखी एक. एवढेच. मी राख बोटांनी चाळली, मग पंजांनी, मग मामेभावाकडून धान चाळायची चाळणी मागितली.

"चाल बाबू, झालं," तो म्हणाला. "ऊन होऊन राह्यलं."

"एक कमी आहे."

"काय कमी हाये?"

मी त्याला सांगितलं नाही. चाळणी त्यानंच आणून दिली आणि माझ्याशेजारी बसून तोही चाळू लागला, काय शोधतो आहोत ते न विचारता. माती लागेपर्यंत चाळलं. पाचवा निघाला नाही. चौघांच्या पाठी पाहिल्या. आगीनं पापुद्रे उडवले होते, रेघ एकावरही राहिली नव्हती.

चार पैसे राखेसोबत वैनगंगेत सोडले. पाण्यात पडताना ते दिसलेही नाहीत.

घुग्घुसला परतल्यावर बायकोनं उरलेले अडतीस पैसे लुगड्याच्या त्याच तुकड्यात बांधले आणि गाठ आईच्या पेटीत ठेवली. फ्रेम पलंगाखाली आहे. मखमलीवर गोंदाचे डाग आणि खाली माझ्या छापील चिठ्ठ्या तशाच आहेत. कोणत्या पाच चिठ्ठ्यांचे पैसे गेले, ते सालं जुळवून काढता येईल, पण त्यासाठी गाठ सोडावी लागेल, ती मी सोडलेली नाही.

जो सापडला नाही, तो माझा असावा. असं मानायला माझ्याकडे कसलाही आधार नाही. पाचात एक, एवढंच. पण तो माझा असला तर तिचा त्या चारांत होता आणि आईसोबत गेला. म्हणून मी तसं धरून चाललो आहे. कधी ट्रक काट्यावर चढतो, आकडा थरथरत स्थिर होतो, आणि मी तो लिहून घेतो. तेवढ्यात मनात येतं की न सापडलेला पैसा तिचाच असेल, तिथे मातीत, आणि आई तिकडे मूठ उघडून एकेक पैसा वाटत असेल, आणि शेवटी पोरीपुढे हात रिकामा.

मग पुढचा ट्रक येतो.